तीन कॅनल सापडले म्हणून हात धुऊ नका

रूट कॅनल करायला वरची पहिली मोठी दाढ उघडली, कॅनलची, म्हणजे मुळातल्या नसेच्या पोकळ वाटांची, तीन तोंडं दिसली, साफ केली, भरली, पुढचा पेशंट आत. फोंड्यात दवाखाना थाटून वीस वर्षं झाली. दुखणं परतून आलेल्या दाढांत ही चूक इतक्या वेळा पाहिलीय की फिल्म उजेडाला धरायच्या आधीच तोंडातून निघतं, "एमबी-टू राहिलाय."

या दाढेला मुळं तीन, पण कॅनल बहुधा चार. गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त लोकांना दोन कॅनल असतात, त्यातला दुसरा तो एमबी-टू. तेव्हा चौथा आहे असं धरूनच दाढ उघडायची.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझंच सांगतो. नवा होतो तेव्हा डिचोलीच्या एका शिक्षिकेची दाढ एकाच बैठकीत उरकली. एक्स-रे इतका देखणा आला की मित्रांना दाखवला. दोन वर्षांनी, गणपतीची चवथ तोंडावर असताना बाई आल्या. "दुखत नाही हो डॉक्टर, पण हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, परत येते. तोंड खारट होतं." पुटकुळीच्या छिद्रात बारीक गटापर्चा पॉइंट (कॅनल भरायची रबरासारखी काडी) सरकवून एक्स-रे घेतला. पॉइंट वळत वळत गेला तो थेट पुढच्या मुळाच्या टोकाशी, आणि तिथं काळा डाग, म्हणजे हाड खाल्लेलं.

कॅप कापली. पहिल्या कॅनलच्या तोंडापासून टाळूच्या दिशेला दोनेक मिलिमीटरवर डेंटिनची (दाताच्या आतल्या कठीण थराची) एक कड असते, ती अल्ट्रासॉनिक टिपनं हलकेच खरवडत बसलो. पंधरा-वीस मिनिटं नुसता भुगा. मग कॅनल धुवायच्या हायपोक्लोराइटचा थेंब सोडला, तर एकाच जागेवरून बुडबुडे यायला लागले. आठ नंबरची फाइल, म्हणजे कॅनल साफ करायची बारीक सुई, तिथं रुतली आणि असा वास सुटला की मदतनीस मुलीनं तोंड फिरवलं. दोन वर्षं जंतू तिथं मुक्कामाला होते आणि मी एक्स-रे मिरवत होतो! पुटकुळी पंधरा दिवसांत गेली. हाड भरून यायला वर्ष लागलं.

एक्स-रे फसवतो, कारण हे दोन कॅनल एकामागे एक असतात. समोरून काढलेल्या फिल्मवर त्यांची एकच रेघ दिसते. मी दुसरी फिल्म एक्स-रेची नळी वीसेक अंश तिरकी करून काढतोच. भरलेली रेघ मुळाच्या मधोमध न दिसता एका कडेला दिसली, तर दुसरा कॅनल राहिलाय समजा. वीस मिनिटांत सापडला नाही तर मी ड्रिल खाली ठेवतो, कार्डावर तसं लिहितो आणि सीबीसीटी, म्हणजे दाढेचा थ्री-डी स्कॅन, काढायला सांगतो. हट्टानं कोरत राहिलात तर दाढेच्या तळाला भोक पडतं.

दुसरा माझा राग अँटिबायोटिकवर. भरलेली दाढ ठणकली की पाच दिवसांच्या गोळ्या. अरे, मेलेल्या कॅनलमध्ये रक्तच जात नाही, गोळी पोचणार कशी? सूज उतरते, पेशंट खूश होतो, दोन महिन्यांनी परत दारात. ताप, पसरणारी सूज, तोंड न उघडणं असेल तर गोळ्या हव्यात, पण सोबत पू काढायलाच हवा. खालच्या दाढेचा पू जिभेखाली, गळ्याकडे उतरला, गिळता येईना, तर दवाखान्यात वेळ न घालवता सरळ बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठायचं. वरच्या दाढेचं दुखणं सायनसमध्ये शिरतं. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारे लोक वर्षभर नाकाचे थेंब घालत असतात.

बाकीच्या चुका पटापट. खालच्या पहिल्या दाढेच्या मागच्या मुळातही जिभेच्या बाजूला चौथा कॅनल असू शकतो. खालच्या दुसऱ्या दाढेत कधीकधी सगळे कॅनल जोडून इंग्रजी 'सी' झालेला असतो, तिथं वेगळी तोंडं शोधत बसू नका. दाढेला जपण्याच्या नावाखाली भोक इतकं लहान ठेवू नका की आतलं दिसणारच नाही. रबर डॅम, म्हणजे लाळ आत येऊ नये म्हणून दाढेभोवती ताणायचा रबरी पडदा, वेळखाऊ वाटतो त्यांना मी काही सांगत नाही, त्यांची लाळ त्यांना सांगेल.

आणि तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतं असतं. कॅप "जत्रेनंतर बघू" म्हणणारा पेशंट जत्रेतलं खाजं त्याच दाढेनं फोडतो, आणि दोन तुकडे रुमालात बांधून घेऊन येतो.