पॅकेट मेलबॉक्सला ऑटो फॉरवर्डिंग लावताय? मग या चुका टाळा

पॅकेट मेलबॉक्स म्हणजे हॅम रेडिओवरून मेसेज घेणारं, साठवणारं मशीन, आणि ते मेसेज त्याने आपणहून पुढच्या मेलबॉक्सला देणं म्हणजे ऑटो फॉरवर्डिंग. या मेलबॉक्सच्या यादीत मेसेजपुढे 'एफ' (फॉरवर्डेड) दिसला म्हणजे मेसेज पोचला, असं धरून निवांत बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एफचा अर्थ एवढाच की आपल्या मशीनच्या हिशेबी काम मिटलं. समोरच्याने तो घेतला का परत लावला, पुढे गेला का तिथेच पडून राहिला, हे लॉगमध्ये असतं आणि लॉग कोणी उघडत नाही. फोन मात्र जेवायच्या वेळेला येतो, काका फॉरवर्डिंग चालत नाहीये. लॉग काय म्हणतोय विचारलं की, कुठला लॉग?

खालचं सगळं लिनबीपीक्यू (मेलबॉक्सचं सॉफ्टवेअर), रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर), २ मीटरचा बँड आणि १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट) धरून सांगतोय, कारण आमच्याकडे किनाऱ्यावर ज्यांना मी हे लावून दिलं त्यांच्याकडे हेच आहे. एफबीबी हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मेनू वेगळे दिसतील, चुका त्याच.

नवीन इन्स्टॉल केलं आणि नंबर एकपासून सुरू झाले

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण यात एरर म्हणून काही येतच नाही.

प्रत्येक बुलेटिनला, म्हणजे सगळ्यांसाठी टाकलेल्या मेसेजला, एक ओळख असते, बीआयडी. जास्तीत जास्त १२ अक्षरं, आणि आपण स्वतः दिली नाही तर सॉफ्टवेअर मेसेजचा नंबर आणि मेलबॉक्सचं कॉलसाइन (लायसनवर मिळालेलं रेडिओवरचं नाव) जोडून ती बनवतं. समोरचा मेलबॉक्स हे बीआयडी लक्षात ठेवतो, बुलेटिन पुसून टाकलं तरी बीआयडी बरेच दिवस राहतो, म्हणजे तेच बुलेटिन दुसऱ्या वाटेने फिरून आलं तर त्याला दारातूनच परत पाठवता येतं. व्यवस्था उत्तम आहे. फक्त तुमचे नंबर परत पहिल्यापासून सुरू झाले की हीच व्यवस्था तुमच्यावर उलटते.

देवगडकडच्या एका मुलाचं मेमरी कार्ड पावसात लाइट ये-जा करून करून गेलं. पोरगं हुशार, त्याने संध्याकाळपर्यंत नवीन कार्डावर सगळं परत उभं केलं, कॉलसाइन तेच, पार्टनर (ज्यांच्याशी मेसेजची देवाणघेवाण ठरलेली असते ते मेलबॉक्स) तेच, लिंक पहिल्या फटक्यात लागली. मग त्याने बुलेटिन टाकायला सुरुवात केली, रविवारच्या नेटची (रेडिओवर सगळे जमतात त्याची) वेळ बदलली, अँटेना बनवायला कुणाकडे जमायचं वगैरे, आणि सगळ्यांपुढे छान एफ लागत गेला. मालवणातले एक जुने हॅम, ज्यांना त्या जमण्याचं काही कळलंच नाही, त्यांनी त्याला फोनवर धरला, "गेला म्हणतंस, मगे माका कित्याक गावाक नाय?" झालं, साहेब छपरावर चढले. कोॲक्स (अँटेनाची केबल) बदलली, अँटेना दोन हात वर नेली, टीएक्सडिले (ट्रान्समिट चालू झाल्यावर डेटा सोडायच्या आधी थांबायचा वेळ) वाढवला, मधल्या डोंगराला शिव्या घातल्या, आणि हे सगळं करून थकल्यावर मग माझ्याकडे आला.

मी म्हटलं अँटेना राहू दे, लॉग पाठव. त्यात आमच्यासमोर स्वच्छ दिसत होतं. त्याचं मशीन 'एफबी'ने सुरू होणाऱ्या ओळींनी मेसेज देऊ करत होतं आणि समोरून 'एफएस' आणि त्यापुढे उणे, उणे, उणे. फॉरवर्डिंगच्या भाषेत अधिक म्हणजे पाठव, बरोबरचं चिन्ह म्हणजे आत्ता नको नंतर बघू, आणि उणे म्हणजे हा माझ्याकडे आधीच आहे. आता समोरच्याकडे आधीच आहे म्हटल्यावर पाठवणारा तरी काय करणार, तो एफ लावून मोकळा होतो. याचं नवं चौदा नंबरचं बुलेटिन मालवणच्या मशीनला जुनंच चौदा नंबर वाटत होतं. दोन्ही मशीन नियमाने वागत होती आणि बुलेटिन हवेत विरत होती.

उपाय सोपा आहे, नवीन इन्स्टॉलनंतर पहिला मेसेज टाकायच्या आधी पुढचा मेसेज नंबर जुन्या शेवटच्या नंबरच्या बराच पुढे नेऊन ठेवायचा. जुना नंबर आठवत नसेल तर पार्टनरला विचारा, त्याच्या यादीत तुमचे जुने बीआयडी सापडतील. मी सरळ काही हजारांची उडी मारतो, नंबर काही विकत आणायचे नाहीत. आणि जी बुलेटिन उणे खाऊन बसलीत ती रीसेंड करून उपयोग नाही, बीआयडी तोच राहतो, मजकूर उचलून नवीन मेसेज म्हणूनच टाकावी लागतात. बॅकअपवरून परत आणलंत तरी हीच गोष्ट, महिन्यापूर्वीच्या बॅकअपमध्ये नंबरही महिन्यापूर्वीचाच असतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

दर पाच मिनिटांनी कॉल

नवशिक्यांना मेसेज आत्ताच्या आत्ता गेलेला हवा असतो. मग दोन्ही बाजूंनी फॉरवर्डिंग इंटरव्हल पाच मिनिटं, पर्सिस्ट (चॅनेल मोकळा दिसला की बोलायची शक्यता) २५५, स्लॉटटाइम (परत बघायच्या आधी थांबायचा वेळ) शून्य, मॅक्सफ्रेम (एका दमात किती फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे) ७, पॅकलेन (एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती बाइट) २५६. व्हॉट्सॲपची सवय, दुसरं काय.

जरा हिशेब करा. २५६ बाइट १२०० बॉडला म्हणजे नुसता मजकूरच १.७ सेकंद. अशा सात फ्रेम एका दमात म्हणजे बारा सेकंद ट्रान्समिट चालूच, आणि फ्रेममधला एक बिट जरी बिघडला तरी ती अख्खी फ्रेम परत, शिवाय तिच्या मागच्याही बहुतेक परतच. त्यात आपला भूगोल बघा. किनाऱ्यावरची गावं खाडीत, डोंगराच्या कुशीत, आणि नोड, म्हणजे मेसेज पुढे देणारं मधलं स्टेशन, कुठेतरी उंचावर सड्यावर नाहीतर घाटमाथ्यावर. नोडला सगळे ऐकू येतात, खालच्यांना एकमेकांचा पत्ता नाही. खालच्या दोघांनाही चॅनेल मोकळा वाटतो, दोघेही बोलायला लागतात, आणि नोडच्या कानात नुसता कालवा. मग दोघांचे रिट्राय. पर्सिस्ट २५५ असला तर चॅनेल मोकळा दिसल्याबरोबर दोघेही शंभर टक्के उडी मारणार, म्हणजे दुसऱ्यांदाही एकत्रच आपटणार.

माझ्याकडचे आकडे जुनेपुराणे आहेत, पर्सिस्ट ६३, म्हणजे मोकळा चॅनेल दिसला तरी चारात एकदाच बोलायचं, स्लॉटटाइम १०० मिलिसेकंद, पॅकलेन १२८, मॅक्सफ्रेम दोन, आणि लिंक फारच रडतखडत असेल तर एक. हळू वाटतं पण पोचतं. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटले, त्यांच्या लॉगमधले रिट्राय मोजले की वाद मिटतो.

दुसरं, दोघांनी एकमेकांना कॉल करायची गरजच नसते. एकानेच करायचा. त्याचे मेसेज संपले की त्याचं मशीन 'एफएफ' म्हणतं आणि मग दुसरं आपले मेसेज देऊ करतं, त्याच कनेक्शनवर. बीपीक्यूमध्ये त्यासाठी रिव्हर्स मागायची खूण करून ठेवायची, बास. ज्याच्याकडे बॅटरी बॅकअप जास्त चांगला आहे त्याने कॉल करायचा, इंटरव्हल तासाचा, आणि दोन गावं असतील तर मिनिटं पुढेमागे.

घड्याळ

रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं (पाय ५ सोडून, त्यातही बॅटरी वेगळी लावावी लागते). नेट असलं तर वेळ बरोबर, नेट नसलं तर लाइट जायच्या आधीची कुठली तरी वेळ पकडून ते पुढे चालू लागतं. आणि ज्या दिवशी ही यंत्रणा खरंच लागते त्या दिवशी नेट नसतंच. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत लाइट कधी आली ते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेलं तेव्हाही तीच तऱ्हा. डीएस३२३१ चं छोटं मॉड्यूल (बॅटरीवरचं घड्याळ) बसवा, किंमत फार नाही.

आणि फॉरवर्डिंगच्या वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, असतात हो. रात्री दहा म्हणून २२:०० टाकलंत तर तुमचं मशीन पहाटे साडेतीनला उठून पार्टनरला हाका मारेल. आर कोलनने सुरू होणाऱ्या ओळी मेसेजच्या डोक्यावर दिसतात ना, मेसेज कुठल्या मेलबॉक्समधून कधी गेला त्या, त्यातली वेळही यूटीसीच. उशीर कुठे झाला ते शोधायचं असेल तर त्या ओळी खालून वर वाचा, त्याहून चांगलं साधन नाही.

किरकोळ, पण रोजच्या

पार्टनरचं कॉलसाइन यूजर लिस्टमध्ये असतं पण त्याला बीबीएस (म्हणजे मेलबॉक्स) अशी खूण केलेली नसते. मग तुमचं मशीन समोरच्या मशीनला माणूस समजून त्याचं नाव विचारत बसतं.

कनेक्ट स्क्रिप्ट (पार्टनरपर्यंत पोचायच्या पायऱ्यांची यादी) नोडपर्यंत जाते आणि तिथेच उभी राहते, कारण मेलबॉक्सचा एसएसआयडी (कॉलसाइनपुढचा आकडा) वेगळा असतो. आधी टर्मिनलवर हाताने जा, प्रत्येक पायरीला काय टाइप केलं ते कागदावर लिहा, तेच स्क्रिप्टमध्ये घाला. दुसऱ्याची स्क्रिप्ट कॉपी करून चालत नाही म्हणणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय.

पत्त्यात भागाच्या नावाआधीचा हॅश (#) विसरतात. एकाने टाकला आणि एकाने नाही टाकला की मेसेज कुठल्याच वाटेत बसत नाही.

ऑडिओ फार मोठा. डायरवुल्फ (रेडिओचा आवाज आणि डेटा यांची अदलाबदल करणारं सॉफ्टवेअर) स्वतः लेव्हल दाखवतो, पन्नासच्या आसपास ठेवा. स्वस्त हँडी व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट) लावून फॉरवर्डिंग करायचं डोक्यातून काढून टाका.

हापूसच्या पेटीचा भाव, गिऱ्हाइकाची ऑर्डर, असलं काही मेलबॉक्समधून पाठवायचं नाही. हौशी लायसनवर धंद्याचे मेसेज चालत नाहीत, आणि मेलबॉक्स तुमच्या कॉलसाइनवर आहे म्हणजे निस्तरायचं तुम्हालाच. एप्रिलमध्ये हे हटकून होतं.

सगळ्याला एकच तारा

फॉरवर्डिंगच्या यादीत प्रत्येक पार्टनरसमोर तारा (*) टाकून ठेवायचा, म्हणजे जे काय असेल ते सगळं याच्याकडे. शॉर्टकट आवडतो सगळ्यांना. दोघांनीही एकमेकांसाठी तारा टाकला आणि तिसऱ्याच कोणाचा खाजगी मेसेज आला की तो शिमग्याच्या पालखीसारखा दोन घरांत नाचत राहतो. बुलेटिनला बीआयडी अडवतो, खाजगी मेसेजच्या बाबतीत सॉफ्टवेअर मुद्दाम थोडं सैल असतं, कारण पुढची वाट बंद असली तर तो परत घ्यावा लागतो. आर ओळींमध्ये तीच दोन कॉलसाइन आलटून पालटून दिसली की समजा हेच झालंय. तारा फक्त एका दिशेला, जिथून बाहेरच्या जगाशी संबंध आहे तिकडे. बाकी पार्टनरना नावानिशी पत्ते. आणि इंटरनेटवरून जगभरची बुलेटिन ओढून १२०० बॉडवर सोडू नका, वाचत कोण नाही आणि चॅनेल दिवसभर अडतो.

मार्च-एप्रिलची लांबची लिंक

समुद्रावर डक्ट (रेडिओ लहरी लांब नेणारा हवेचा थर) उघडला की २ मीटरवर एकदम लांबचे ऐकू यायला लागतात, गुजरातचे, खाली केरळचे. बोलायला मजा येते. पण नोड ते ऐकून आपल्या रूटच्या यादीत टाकतो, आणि त्या लांबच्या नोडमार्फत अजून कुठे कुठे जाता येतं तेही. क्वालिटी, म्हणजे वाट किती चांगली याचा आकडा, प्रत्येक टप्प्याला गुणून २५६ ने भागली जाते, म्हणजे १९२ च्या दोन टप्प्यांची १४४, पण पहिल्याच टप्प्याला तुम्ही उदारपणे २५५ ठेवली असेल तर ती डक्टवाली वाट कागदावर सगळ्यात भारी दिसते. ऊन चढल्यावर डक्ट जातो, वाट यादीत राहते, आणि फॉरवर्डिंग तिकडेच डोकं आपटत बसतं. रेडिओ पोर्टची क्वालिटी कमी ठेवा, रोजच्या शेजाऱ्यांचे रूट हाताने लिहून लॉक करा. ऑटोमॅटिक शिकू दे म्हणणाऱ्यांनी एक एप्रिल महिना काढून दाखवावा.

वीज कडाडली, अँटेना काढली, रेडिओ चालूच

वळवाच्या पावसात आपण सगळे धावत जाऊन कोॲक्स काढतो. बरोबरच आहे, जांभ्यात अर्थिंग नीट मिळत नाही. पण फॉरवर्डिंगला हे कोण सांगणार? तास भरला की ते कॉल लावतं, उत्तर नाही म्हणून परत लावतं, आणि रेडिओ अँटेनाशिवाय पॉवर सोडत राहतो. सकाळी फायनल (रेडिओतला पॉवर देणारा ट्रान्झिस्टर) गेलेली. माझ्याकडे कोॲक्सचं टोक आणि रेडिओची १२ व्होल्टची वायर एकाच सुतळीला बांधलीय, एक ओढली की दुसरी निघतेच. परत जोडताना आधी कोॲक्स, मग वायर, आणि त्या आधी कनेक्टरमध्ये हिरवट काही धरलंय का ते बघून घ्या, खाऱ्या हवेत एका मोसमात धरतं.