घरच्या घरी दहावी: वर्ष कसं आखाल?
लेक 14 पूर्ण झाली की आधी परीक्षा ठरवा, पुस्तकं मागाहून. एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देऊ देणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. पाच विषय लागतात आणि नोंदणी 5 वर्षं चालते, त्यामुळे सगळं एकाच वर्षात कोंबू नका. आम्ही साताऱ्याचे, म्हणून सप्टेंबरचे दोन आठवडे जीवशास्त्रालाच ठेवले. कासच्या पठारावर धुक्यात ओणवी होऊन ती दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या चिकट पानाला अडकलेली माशी कितीतरी वेळ बघत होती! कीटकभक्षी वनस्पती नंतर समजवाव्या लागल्याच नाहीत. गणित मात्र रोज सकाळी तासभर, सणावारीसुद्धा. महागडे संच घेण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावरची मोफत पुस्तकं महिनाभर वापरून बघा.