दूरच्या लिनक्स यंत्रावरील ग्राफिकल प्रोग्रॅम विंडोजवर कसे वापरावेत

लिनक्स सर्व्हरवरचे बहुतेक काम टर्मिनलमध्येच, म्हणजे आदेश टंकून, उरकते. परंतु मोठ्या डेटाचा आलेख डोळ्यांनी तपासायचा असतो, किंवा एखादा इन्स्टॉलर बटणे दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही, तेव्हा टर्मिनल अपुरे पडते. अशा वेळी अख्खा डेस्कटॉप विंडोजवर आणण्याची गरज नसते. त्या एकाच प्रोग्रॅमची विंडो आपल्या पडद्यावर आणता येते आणि ती इतर विंडोंच्या शेजारी नेहमीसारखी उघडते. ही सोय नंतर जोडलेली नाही. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीची आणि १९८७ साली आलेल्या तिच्या अकराव्या आवृत्तीची, म्हणजे एक्स-११ची, रचनाच अशी आहे की प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि त्याचे चित्र दुसऱ्या यंत्रावर उमटावे.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर केलेला बरा, कारण पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात. एक्सच्या परिभाषेत ‘सर्व्हर’ म्हणजे ज्याच्याकडे पडदा, कीबोर्ड आणि माउस आहे तो. आणि ‘क्लायंट’ म्हणजे त्या पडद्यावर चित्र काढू मागणारा प्रोग्रॅम. म्हणून एसएसएच या दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या साधनाच्या दृष्टीने सर्व्हर असलेले दूरचे लिनक्स यंत्र एक्सच्या दृष्टीने क्लायंटच्या बाजूला येते, आणि एक्स सर्व्हर आपल्या विंडोज संगणकावर चालवावा लागतो. विंडोजमध्ये तो मुळात नसतो. तो न बसवताच लिनक्सच्या बाजूला पॅकेजेस टाकत बसणारे अनेक जण पाहिले आहेत.

विंडोजसाठी व्हीसीएक्सएसआरव्ही हा मोफत एक्स सर्व्हर पुरेसा आहे. एसएसएच आणि एक्स सर्व्हर एकत्रच हवे असतील तर मोबाएक्सटर्म घ्यावे. त्यात पुढची बरीचशी जुळवाजुळव आपोआप होते. व्हीसीएक्सएसआरव्ही बसवल्यावर त्यासोबत येणारे एक्सलाँच उघडावे, ‘मल्टिपल विंडोज’ निवडावे, डिस्प्ले क्रमांक शून्य द्यावा आणि पुढच्या पानावर ‘स्टार्ट नो क्लायंट’ ठेवावे. त्यानंतरच्या पानावर ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’ असा एक चौकोन असतो आणि तो टिचकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एसएसएचमार्फत काम करताना त्याची गरज नाही. सर्व वाहतूक एसएसएचच्या बोगद्यातून येऊन आपल्याच यंत्राच्या आतल्या पत्त्यावर उतरते, त्यामुळे नेटवर्कवरील इतरांना आपला पडदा मोकळा करून देण्याचे काही कारण उरत नाही. फायरवॉलने परवानगी मागितली तरी याच कारणाने ती नाकारता येते.

लिनक्सच्या बाजूला दोनच गोष्टी लागतात. एसएसएच सेवेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एक्स११फॉरवर्डिंग’ या शब्दापुढे ‘येस’ असावे (फॉरवर्डिंग म्हणजे विंडोचे चित्र एसएसएचमधून पुढे पाठवणे) आणि ‘एक्सऑथ’ हा, पडद्यावर प्रवेश देणारी ओळखखूण म्हणजे ‘कुकी’ सांभाळणारा, छोटा प्रोग्रॅम बसवलेला असावा. सेटिंग बदलल्यास सेवा पुन्हा सुरू करावी. डेबियन आणि उबंटूवर तिचे नाव एसएसएच, तर फेडोराच्या कुळात एसएसएचडी असे असते. सर्व्हरवर डेस्कटॉप बसवण्याची किंवा त्याला मॉनिटर जोडण्याची आवश्यकता नाही. चाचणीसाठी ‘एक्सक्लॉक’ हे साधे घड्याळ उत्तम. उबंटूवर ते ‘एक्स११-ॲप्स’ या पॅकेजमध्ये मिळते.

आता जोडणी. पुट्टी या विंडोजवरील एसएसएच प्रोग्रॅममध्ये डावीकडील यादीत ‘कनेक्शन’, त्याखाली ‘एसएसएच’ आणि त्याखाली ‘एक्स११’ येथे जाऊन ‘एनेबल एक्स११ फॉरवर्डिंग’वर खूण करावी आणि डिस्प्लेच्या जागी लोकलहोस्ट, अपूर्णविराम (:) व शून्य असे लिहावे. त्यानंतर वर ‘सेशन’कडे परत जाऊन ‘सेव्ह’ दाबावे. ते राहिले तर पुढच्या वेळी खूण गायब झालेली दिसते. विंडोजसोबत येणारे एसएसएच वापरायचे असेल, तर आधी त्याच कमांड विंडोमध्ये ‘डिस्प्ले’ या चलाला १२७.०.०.१:०.० ही किंमत द्यावी आणि मग एसएसएचच्या आदेशात उणे चिन्हासह मोठ्या लिपीतील वाय जोडावा. मोठा एक्स हा पर्याय अधिक सावध असला तरी त्याला आपल्या बाजूला एक्सऑथ लागतो, आणि विंडोजवर तो सहसा नसल्यामुळे जोडणी होते पण विंडो उघडत नाही.

वाय वापरताना एक जाणीव ठेवावी. त्यामुळे दूरचा प्रोग्रॅम ‘विश्वासू’ ठरतो, आणि असा प्रोग्रॅम त्याच एक्स सर्व्हरवरील इतर विंडोंमध्ये दाबलेल्या कळाही वाचू शकतो. म्हणून ज्या यंत्राच्या व्यवस्थापकावर आपला भरवसा नाही, तेथे फॉरवर्डिंग बंदच ठेवावे.

लॉगिन झाल्यावर प्रथम लिनक्समध्ये ‘डिस्प्ले’ या चलाची किंमत पाहावी. ती सामान्यतः लोकलहोस्ट:१०.० अशी दिसते. हा दहावा डिस्प्ले खरा नसतो. एसएसएचने ६०१० या पोर्टवर उभा केलेला तो दरवाजा असतो, आणि तेथे आलेली प्रत्येक रेघ कूटबद्ध होऊन विंडोजकडे जाते. किंमत रिकामी असेल तर दोष फॉरवर्डिंगमध्ये आहे. ती बरोबर असूनही विंडो येत नसेल तर विंडोजवरील एक्स सर्व्हर चालू आहे का, हे आधी बघावे. आणि ती भलतीच असेल, तर बॅशच्या, म्हणजे लिनक्समध्ये आदेश घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सुरुवातीच्या फाइलमध्ये कोणीतरी जुन्या काळी ‘डिस्प्ले’ची ओळ लिहून ठेवलेली असते; ती काढून टाकावी, कारण हे चल एसएसएच स्वतः भरते.

एकदा माझी जोडणी आदल्या दिवसापर्यंत नीट चालत असताना अचानक बंद पडली. सेटिंग तीनदा तपासून झाल्यावर लॉगिनच्या वेळी येणारी, ऑथॉरिटी फाइलला कुलूप लावता न आल्याची तक्रार करणारी ओळ नजरेस पडली. होम फोल्डरचा कोटा भरला होता, त्यामुळे एक्सऑथला आपली कुकी लिहायला जागाच नव्हती. दोन जुन्या लॉग फाइली पुसताच घड्याळ उघडले. सुडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने, चालवलेला प्रोग्रॅम विंडो उघडत नसेल, तर कारण याच्याच जवळचे असते: कुकी आपल्या होम फोल्डरमध्ये असते आणि रूट वापरकर्ता स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो. सुडोच्या ओळीतच ‘एक्सऑथॉरिटी’ या चलात आपल्या कुकीच्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला की काम होते.

वेगाबाबत अवास्तव अपेक्षा ठेवू नये. एक्समध्ये प्रोग्रॅम आणि पडदा यांच्यात प्रश्नोत्तरांच्या असंख्य फेऱ्या होतात, म्हणून एकाच कार्यालयातील नेटवर्कवर चपळ वाटणारा प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरवरून मेनू उघडायलाही रेंगाळतो. एसएसएचच्या आदेशात मोठा सी जोडून संकोचन चालू केल्यास बँडविड्थ वाचते, पण या फेऱ्या कमी होत नाहीत. त्रिमितीय चित्रणाला तर ही वाट सहसा मानवतच नाही. शिवाय जोडणी तुटली की प्रोग्रॅमही बंद पडतो. त्यामुळे तासन्‌तास चालणारे काम असेल तर मी एक्सप्रा किंवा एक्सटूगो वापरतो. दोन्हींमध्ये सत्र सर्व्हरवर जिवंत राहते आणि नंतर पुन्हा जोडता येते. पूर्ण डेस्कटॉपच हवा असल्यास एक्सआरडीपी बसवावे आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपनेच जोडावे, मात्र त्याचे ३३८९ हे पोर्ट इंटरनेटला थेट उघडे ठेवू नये.

विंडोज ११ असलेल्यांना एक आडवाटही उपलब्ध आहे. तेथील डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याच्या सोयीमध्ये, ग्राफिकल प्रोग्रॅमची सोय आधीच असते आणि ‘डिस्प्ले’ची किंमतही भरलेली असते. त्या आतल्या लिनक्समधूनच दूरच्या सर्व्हरला एसएसएच केले, तर वेगळा एक्स सर्व्हर बसवावाच लागत नाही.