कडक पोलादात भोक पाडताय? ड्रिलचा वेग आवरा

गाडीला फॉग लॅम्पचा ब्रॅकेट बसवताना ड्रिल पूर्ण वेगात सोडलं की बिटचं टोक निळं पडतं आणि भोक जागच्या जागी. माझी दोन बिटं अशीच गेली. कडक पोलादाला वेग नाही, दाब लागतो.

आधी सेंटर पंचने (टोकदार हत्यार) ठोकून खळगा पाडा, मग ३ मिमीचं पायलट भोक, म्हणजे मोठ्या बिटला वाट दाखवणारं छोटं भोक. त्यानंतर १० मिमीचं कोबाल्ट बिट (एम ३५ प्रकारात ५ टक्के कोबाल्ट असतं) मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास चालवा. मध्ये मध्ये कटिंग ऑइल सोडा. कीस निघायचा थांबून बिट नुसतं घासायला लागलं तर लगेच थांबा. स्टेनलेस असेल तर घासून तो भाग आणखी कडक होतो. आरपार जाताना दाब सोडा, नाहीतर मनगट पिरगळेल. चष्मा हवाच.

दरवाज्यालगतच्या पिलरला मात्र हात लावू नका, तिथे बहुधा बोरॉन स्टील, म्हणजे अतिशय कडक पोलाद असतं. पलीकडची वायरिंग, डिझेलची नळीही आधी बघा.

ऐरोली-वाशीच्या खारट खाडीहवेत उघडी कड पटकन गंजते, म्हणून बोल्ट घालण्याआधी झिंक प्रायमर फिरवा.