गावात नवं गॅजेट आणताय? या चुका टाळा

नवा फोन, स्मार्ट टीव्ही, धुऱ्यावर लावायचा सोलर कॅमेरा, विहिरीवरची मोटार फोनवरून चालू-बंद करणारा मोबाईल ऑटो. यवतमाळ-वाशीमच्या आडवळणाच्या गावातही आता हे सगळं पार्सलनं दारात येतं, आणि ते यायलाच हवं. फक्त ही वस्तू बनते ती २३० व्होल्टची स्थिर लाईन आणि साधारण ३५ अंशांपर्यंतचं तापमान गृहीत धरून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, संध्याकाळी लाईन १७० व्होल्टवर येते आणि मृगात विजा कडाडतात. गावात बंद पडणाऱ्या वस्तूंतल्या कितीतरी मुळात चांगल्याच असतात. म्हणून सुरुवात घरातल्या विजेपासून करू.

कमी व्होल्टेजला भिणं, जास्तीकडे दुर्लक्ष करणं

फोनचा चार्जर, राउटरचा अ‍ॅडॉप्टर, बहुतेक एलईडी टीव्ही यांच्यावर बारीक अक्षरांत १००–२४० व्होल्ट छापलेलं असतं. १६० व्होल्टवर ते बिनतक्रार चालतात. त्यांचा खरा शत्रू जास्तीचं व्होल्टेज. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलचा जोड सुटला की तिन्ही फेजचा तोल जातो आणि ज्या फेजवर लोड कमी, तिथल्या घरांत ३०० च्या वर, कधी ४०० च्या जवळ व्होल्टेज चढतं. पंखा एकाएकी गरगरायला लागला, बल्ब भगभगीत झाला आणि शेजारच्या घरात मात्र उजेड मंदावला, तर हेच झालंय असं समजा. आधी मेन स्विच पाडा, मग वायरमनला किंवा १९१२ वर कळवा. तोवर मेन वर करू नका.

यावर कायमचा उपाय म्हणजे मेन बोर्डात एमसीबीशेजारी (आपोआप पडणाऱ्या स्विचशेजारी) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की तो घराची लाईन तोडतो. वरची मर्यादा २७० आणि खालची १७० व्होल्ट ठेवा. लाईन आल्यावर पुन्हा जोडायचा वेळ किमान ६० सेकंद ठेवा, फ्रिज असेल तर १८०. तुमच्याकडे रोजच १६५ व्होल्ट येत असेल तर खालची मर्यादा १५० करा आणि फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर द्या. नाहीतर घर सारखं अंधारात जाईल. टीव्हीला मात्र स्टॅबिलायझरची गरज नसते. आणि साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लाल बटण आहे म्हणून तो अचानक चढणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवणारा स्पाईक गार्ड होत नाही; तो किती झटका झेलतो ते सांगणारा जूलचा आकडा खोक्यावर छापलेला आहे का ते बघा.

अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडणं

सगळ्यात घातक चूक हीच, आणि ती सर्रास होते. तिसऱ्या पिनला तार नाही म्हणून बोर्डातच ती न्यूट्रलला बांधून टाकतात. त्या दिवशी सगळं ठीक चालतं. पुढे न्यूट्रल तुटला की कूलरच्या, फ्रिजच्या पत्र्यावर थेट करंट येतो. असा जोड दिसला तर आजच काढा.

काळ्या मातीचं आणखी एक दुखणं आहे. एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडतात, अर्थिंगच्या पाईपाभोवतीची माती सुटते आणि हिवाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नावापुरतं उरतं. अर्थिंगचा खड्डा उन्हातल्या अंगणात करू नका. न्हाणीचं पाणी मुरतं तिथे करा. पाईप किमान अडीच मीटर हवा, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. तपासणी सोपी आहे, पण प्लगमध्ये काम करायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या: मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे यावेत आणि तिसरा ५ व्होल्टच्या आत. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येत असतील, तर बहुतेक वेळा तिसऱ्या पिनला अर्थिंगच नसतं.

ढग गडगडू लागले की टीव्हीचा नुसता प्लग काढून भागत नाही, छतावरच्या डिशची केबलही सोडवा. पण हे वीज डोक्यावर यायच्या आधी करायचं. आयआयटीएम, पुणे यांचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या.

इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवणं

राउटर बंद पडू नये म्हणून लोक मागचं बटण यूपीएस मोडवर टाकतात. त्या मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली इन्व्हर्टर लाईन नाकारतो. संध्याकाळी लाईन १७० वर आली की घर बॅटरीवर जातं, चार्जिंग थांबतं, आणि रात्री खरंच लाईन गेल्यावर बॅटरी रिकामी असते. दोष मात्र बॅटरीला दिला जातो. बटण साध्या मोडवर ठेवा. राउटरसाठी वेगळा छोटा डीसी यूपीएस घ्या. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा चालत नाही.

चार्जिंग होत नाही म्हणून पोर्ट बदलायला धावणं

कापूस वेचणीच्या दिवसांत ही तक्रार हमखास येते. फोन खिशात, खिशात रुईचे तंतू. केबल खोचताना तेच तंतू पोर्टच्या तळाशी दाबले जाऊन त्यांचा घट्ट थर बनतो. पिन पूर्ण आत बसत नाही, खट्‌ असा आवाज येत नाही, फास्ट चार्जिंग सुरूच होत नाही. फोन बंद करा. लाकडी दातकोरणं चपटं करून टाईप-सी पोर्टच्या आतल्या भिंतीलगत फिरवा, मधल्या पातळ पट्टीला धक्का लावू नका, आणि तंतू अलगद बाहेर ओढा. सुई, सेफ्टी पिन वापरू नका. पंक्चरच्या दुकानातली हवा तर मुळीच मारू नका; त्या टाकीत पाणी साचलेलं असतं.

केबल नीट बसूनही चार्जिंग हळू असेल तर केबल तपासा. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालतं.

टिनाच्या खोलीत दुपारी फोन चार्जिंगला लावू नका. पहाटे लावा आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर ती चालू करा. गरम झालेला फोन फ्रिजमध्ये किंवा कूलरच्या तोंडाशी ठेवला की आत दमटपणा धरतो. कव्हर काढून सावलीत ठेवणं पुरे. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे, चार्जिंग त्याच क्षणी बंद.

पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. ५,००० एमएएचचा फोन त्यावर साधारण दीड वेळा भरतो. खरेदी करताना लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, शोधा आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून पाहा.

मोबाईल ऑटोमध्ये हाताला लागेल ते सिम टाकणं

बरेच मोबाईल ऑटो फक्त टूजीवर चालतात आणि जिओकडे टूजी नेटवर्कच नाही. घेण्याआधी दुकानदाराला टूजी की फोरजी हे विचारा, आणि वावरात त्या कंपनीची रेंज साध्या फोनवर तपासा. सिमचा पिन लॉक काढून टाका. अँटेना लोखंडी पेटीच्या आत राहिली की रेंज मरते. ती बाहेर काढा.

ड्राय रनची, म्हणजे पाणी संपल्यावर मोटार बंद करण्याची, सेटिंग अंदाजानं करू नका. विहिरीत भरपूर पाणी असताना तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरनं मोटारीचा अँपिअर मोजा. ५ एचपीची मोटार ७.५ घेत असेल तर ड्राय रन ५.५ च्या आसपास आणि ओव्हरलोड ८.५ ठेवा. लाईन आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की व्होल्टेज कोसळतं आणि ऑटो ट्रिप होतात. शेजारच्या वावरवाल्यांशी बोलून सुरू व्हायचा वेळ वाटून घ्या: एकाचा ३० सेकंद, दुसऱ्याचा ६०, तिसऱ्याचा १२०.