शिंका, चोंदलेलं नाक, लाल डोळे: ॲलर्जीच्या सीझनमध्ये या चुका टाळा

गणपती गेले की मला फोन सुरू होतात. "अरे सर्दी जातच नाहीये, दीड महिना झाला, काहीतरी स्ट्राँग सांग ना." मी पुण्यात गेली सतरा वर्षं हा त्रास काढतोय म्हणून लोक मला विचारतात. मी डॉक्टर नाही. पण त्याच त्याच चुका दरवर्षी बघून आता खरंच जीव तुटतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, ही सर्दी नाहीच. सर्दी आठ-दहा दिवसात आटपते, अंग दुखतं, कणकण येते, शेंबूड घट्ट होत जातो. ॲलर्जीत नाकातून नुसतं पाणी गळतं, सकाळी उठल्या उठल्या एकामागून एक दहा-पंधरा शिंका येतात, आणि टाळूला, डोळ्यांना, कानात आत कुठेतरी खाज सुटते. ही खाज म्हणजे पक्की खूण. इंग्रजीत याला 'हे फीवर' (hay fever) म्हणतात पण यात ताप नसतो. १८१९ मध्ये जॉन बॉस्टॉक नावाच्या इंग्लिश डॉक्टरने स्वतःचाच हा त्रास लिहून ठेवला होता, आणि मग १८७३ मध्ये चार्ल्स ब्लॅकलीने दाखवून दिलं की हे सगळं परागकणांमुळे होतं. इतकी जुनी गोष्ट आहे, तरी आपल्याकडे लोक अजून मेडिकलमध्ये जाऊन ॲझिथ्रोमायसिन मागतात. अँटिबायोटिक जंतूंसाठी असतं. परागकणांवर त्याचा काही उपयोग नाही, उगाच पोट बिघडेल.

आता माझ्या डोक्यात जाणारी सगळ्यात मोठी चूक. नाक मोकळं करणारे ड्रॉप, ते झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनवाले. दोन थेंब टाकले की पाच मिनिटात नाक खाडकन उघडतं, त्यामुळे माणसाला वाटतं हेच खरं औषध.

माझा मावसभाऊ चाकणला कंपनीत शिफ्टला जातो. ऑक्टोबरमध्ये त्याचं नाक चोंदलं, त्याने कोणालाही न विचारता ड्रॉप आणले. संक्रांतीला आमच्याकडे आला तेव्हा बघतो तर एक बाटली शर्टाच्या खिशात, एक बाईकच्या डिकीत, आणि वहिनी म्हणाली तिसरी उशीखाली असते. रात्री दोन वाजता नाक बंद झालं की हा उठून बसायचा, थेंब टाकायचा, परत झोपायचा, पहाटे परत तेच. परागकणांचा सीझन कधीच संपला होता. आता ड्रॉपमुळेच नाक चोंदत होतं. होतं काय, की हे औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं म्हणून जागा मोकळी होते, पण असर उतरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग आपण परत टाकतो, आणि रोज असंच चाललं की नाकाला थेंबांशिवाय उघडताच येत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्याला स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे सुरू करून दिला आणि ड्रॉप आधी एका नाकपुडीत बंद करायला लावले, ती सावरल्यावर दुसरीत. पहिला आठवडा बिचाऱ्याचे फार हाल झाले, बसल्या बसल्या झोपायचा, पण तीन आठवड्यात सुटला. माझी स्वतःची सवय सांगतो: बाटली फोडली त्या दिवशी मार्करने तारीख लिहायची आणि चौथ्या दिवशी कचऱ्यात. अर्धी भरलेली असली तरी. पाकिटावर पाच-सात दिवस वगैरे दिलेलं असेल, मी तीनच्या पुढे जात नाही.

दुसरी चूक म्हणजे खरं काम करणारा स्प्रे, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा, दोन दिवस मारून सोडून देणं. "काही फरक नाही पडला रे." नाहीच पडणार! तो हळूहळू सूज उतरवतो, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि रोज मारावा लागतो, शिंका असोत नसोत. ज्यांना दरवर्षी त्रास होतो त्यांनी तर सीझनच्या दोन आठवडे आधीच सुरू केलेला बरा. मी डॉक्टरांना विचारून नारळी पौर्णिमेपासून धरतो, म्हणजे लक्षात राहतं. लोकांना धीरच नाही. एका दिवसात आराम हवा म्हणून ड्रॉपकडे पळतात आणि मग सहा महिने भोगतात.

आणि स्प्रे मारायचा कसा हे कोणी शिकवत नाही. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "मला उष्ण पडतो तो, रक्त येतं." मी म्हटलं काकू, माझ्यासमोर मारून दाखवा. त्यांनी मान मागे टाकली, उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत नळी सरळ घातली, दाबलं, आणि सर्रकन एवढ्या जोरात ओढलं की सगळं औषध घशात, तोंड कडू, लगेच बेसिनकडे धावल्या. औषध नाकात राहिलंच नाही, आणि जे राहिलं ते मधल्या पडद्यावर, रोज एकाच जागी, म्हणून तिथून रक्त. बरोबर पद्धत अशी: आधी नाक हलकं शिंकरून घ्या, बाटली हलवा, मान थोडी पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीला डावा हात आणि डाव्या नाकपुडीला उजवा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने जातं. दाबताना अगदी हळू श्वास, फुलाचा वास घेतो तसा. काकूंचं रक्त थांबलं. तुमचं नाही थांबलं तर डॉक्टरांना दाखवा.

जलनेती चांगली, मी रोज संध्याकाळी घरी आल्यावर करतो, पण नळाचं पाणी तसंच वापरू नका, कृपा करून. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानामध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोन जण मेंदू खाणाऱ्या अमिबाने गेले. पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्यायचं, पाव लिटरला अर्धा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. स्प्रे नेतीनंतर, आधी नाही, नाहीतर धुऊन जाईल.

सीपीएम (क्लोरफेनिरामिन) किंवा ॲव्हिल, या ॲलर्जीच्या गोळ्या घेऊन गाडी चालवू नका. झोप येते, आणि झोप आली नाही असं वाटलं तरी डोकं मंद चालतं. सेट्रिझिननेही काहींना येते. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही, फक्त ती पाण्याबरोबर घ्या, फळांच्या रसाने ती अंगी लागत नाही.

मॉन्टेलुकास्ट आणि ॲलर्जीचं औषध एकत्र असलेली जोडगोळी घरात पडलीये म्हणून महिनोन्‌महिने घेत राहणारे खूप बघितलेत. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मॉन्टेलुकास्टवर सगळ्यात कडक इशारा टाकला, कारण काहींना झोप उडणं, चिडचिड, नैराश्य असा मानसिक त्रास होतो. लहान मुलांना देताना तर जास्तच लक्ष ठेवा.

डोळे चोळू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा. बस.

मध खाऊन ॲलर्जी जात नाही.

गाजर गवताबद्दल मात्र सविस्तर बोलायचंय. काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा, पुण्यात याची नोंद १९५५ च्या सुमारास झाली, परदेशी गव्हाबरोबर आलं असं म्हणतात, आणि आता मोकळा प्लॉट दिसला की तिथे हेच. आमच्या सोसायटीने एका सप्टेंबरमध्ये रविवारी श्रमदान ठेवलं. उत्साह चांगला होता, पण गवत कमरेएवढं आणि पांढऱ्या फुलांनी भरलेलं. पोरंटोरं, आजोबा सगळे उघड्या हाताने उपटायला लागले, उपटून झटकत होते, आणि ढीग कुठे केला तर खेळायच्या जागेशेजारी. त्या रात्री माझं नाक तर गेलंच, पण दोन जणांच्या हातावर, मानेवर लाल चट्टे उठले आणि ते पुढे कितीतरी दिवस खाजवत होते. कारण या गवताचा परागकण शिंका आणतो आणि त्याचा रस कातडीला लागला की वेगळीच ॲलर्जी होते. उपटायचं तर जुलैमध्ये, फूल यायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क घालून, मुळासकट. ज्याला ॲलर्जी आहे त्याने जाऊच नये, चहाची व्यवस्था बघावी.

सीझनमध्ये कपडे गॅलरीत वाळत घालू नका, विशेषतः उशीचे अभ्रे. केर काढायच्या आधी ओलं फडकं फिरवा. बाहेरून आल्यावर तोंड-हात धुणं पुरत नाही, केसात परागकण अडकलेले असतात आणि ते रात्री उशीवर उतरतात, म्हणून मी झोपायच्या आधी डोकं धुतो.

"एक इंजेक्शन मारलं की वर्षभर बघायला नको" हे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. ते बहुतेक वेळा ताकदवान स्टेरॉइड असतं, ते सगळ्या अंगात जातं आणि शरीरात काही आठवडे राहतं. माझ्या वडिलांना डायबेटिस आहे, त्यांना कोणीतरी असं दिलं आणि साखर पुढचे पंधरा दिवस काही केल्या खाली येईना. आधी विचारा की इंजेक्शनमध्ये काय आहे. सांगत नसतील तर उठून या.

आणि खोकला, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, जिना चढताना दम, यातलं काही असेल तर नाकावर प्रयोग करत बसू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, कारण नाकाची ॲलर्जी आणि दमा बऱ्याचदा जोडीने असतात. बोलतानाच धाप लागत असेल तर आठवडाही नाही, लगेच. सगळं नीट करूनही दरवर्षी हैराण होत असाल तर हातावर टोचून कशाची ॲलर्जी आहे ते बघतात ती स्किन प्रिक टेस्ट करून घ्या. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते आणि पैसे वाया. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा, कुठली गोळी किती दिवस आधी थांबवायची.