पेरणीच्या दिवसांत रानातला साप: आधी कूळ ओळखा

मृगाचा पाऊस झाला की सोलापूर जिल्ह्यात तूर, उडीद, सोयाबीनच्या पेरणीची गडबड उडते. बिळांत पाणी शिरतं आणि सापही बांधावर, गोठ्यात, घरात येतात. मग दिसेल तो ठेचला जातो. गेल्या वर्षी आमच्या वस्तीवर गड्यानं पत्र्याच्या शेडात ‘मण्यार’ म्हणून एक मारला. बॅटरी धरून पाहिलं तर पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू झालेले, जाड, शेपटीकडं पुसट होत गेलेले. पालींवर जगणारा बिनविषारी कवड्या होता तो. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीनं, डोक्यामागं थोडी जागा सोडून सुरू होतात आणि शेपटीकडं ठळक होतात.

सापाचं कूळ नुसत्या रंगावरून ठरत नाही. दात, कवटी, खवले आणि आता डीएनए पाहून ठरतं. म्हणून दिसायला सारखे असले तरी कवड्या धामणीच्या कोल्युब्रिडी कुळातला आणि मण्यार नागाच्या इलॅपिडी कुळातली. या दुसऱ्या कुळाचे विषदात आखूड, कायम उभे. विषानं पापण्या जड होतात, पुढं श्वास अडतो. घोणस आणि फुरसं व्हायपरिडी कुळातले. त्यांचे लांब दात तोंड मिटलं की घडीच्या चाकूसारखे आत दुमडतात. चावल्या जागी सूज चढते, हिरड्यांतून रक्त येतं. पाटातली दिवड पूर्वी धामणीच्याच कुळात धरत. आता बरेच अभ्यासक तिला वेगळ्या कुळात घालतात. आपल्या दृष्टीनं ती बिनविषारी, एवढं पुरे.

या दिवसांत जास्त जपायचं ते घोणशीला. ती अंडी घालत नाही, एका वेतात वीस-तीस पिलं देते, आणि वीतभर पिलूही जन्मतः विषारी असतं. अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, ही तिची खूण. उसाच्या पाचटात आणि कडब्याच्या गंजीखाली ती हमखास असते. पेंढी आधी काठीनं उलटवा, मगच हात घाला. रात्रीच्या लाईटीला दारं धरायला जाताना गमबूट आणि बॅटरी हवीच. ‘पायाखालची वाट आहे’ म्हणून अनवाणी जाणारेच जास्त सापडतात.

मण्यार रात्री फिरते. तिचा दंश कित्येकदा दुखत नाही, सुजतही नाही. जमिनीवर झोपू नका. बाजेवर मच्छरदाणी लावून कडा गादीखाली खोचा. पहाटे कुणी पोटात दुखतंय म्हणालं आणि डोळे उघडेनात, तर पित्त समजून बसू नका.

ही ओळख चावण्याआधी कामाची. चावल्यावर साप शोधत बसू नका: नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडं एकच प्रतिविष देतात. आवळून बांधू नका, चिरू नका, देवळात नेऊ नका. अंगठी, जोडवी काढा, हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा आणि निघतानाच प्रतिविष कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारून घ्या. किती वाजता चावला, ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

आणि धामण दिसली तर जाऊ द्या. तुमच्या कणगीतले उंदीर तीच खाते.